वाचक विचारतात : फ्रेटबोर्डाची गोलाई घरच्या घरी

गिटारच्या फ्रेटबोर्डाला, म्हणजे तारांखालच्या, फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या फळीला, गोलाई देण्याची हत्यारं कोणती घ्यावीत, यावर बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. या गोलाईची त्रिज्या मात्र बाजारात इंचांत सांगितली जाते, म्हणून तिथे दोन्ही आकडे दिले आहेत.

प्रश्न : पहिल्यांदाच गिटार बनवतो आहे. रेडियस ब्लॉक (खोलगट तळाला सँडपेपर लावायचा ठोकळा), राउटरचा (फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राचा) जिग, बेल्ट सँडर, रंधा अशी यादी वाढतच चालली आहे. पैसे मोजकेच आहेत. आधी काय घेऊ?

उत्तर : आधी मोजायची साधनं घ्या, कापायची नंतर. एक चांगली स्टीलची सरळपट्टी, ४५० किंवा ६०० मिमी लांबीची. एक फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा), ज्यात ०.०५ मिमीचं पान आहे. तुमच्या त्रिज्येचा एक गोलाई-गेज, म्हणजे गोलाई तपासायची कमानदार पट्टी. मग एक लांब ब्लॉक आणि सँडपेपर. एवढ्यावर पहिला बोर्ड उत्तम होतो. राउटर आणि बेल्ट सँडर या यादीतून खुशाल काढून टाका.

मोजण्याच्या साधनांवर एवढा भर देण्याचं कारण असं. बोर्डाच्या दोन दिशा असतात, आडवी आणि उभी. आडव्या दिशेत गोलाई असते, उभ्या दिशेत बोर्ड सरळ लागतो. नवा माणूस सगळी काळजी गोलाईची करतो, आणि गिटार बिघडते ती उभ्या दिशेतल्या उंचवट्याने. हिशेब करून पाहा. १२ इंची म्हणजे ३०५ मिमी त्रिज्येऐवजी हातून ३१५ मिमी झाली, तर ५६ मिमी रुंद टोकाशी मध्य आणि कड यांच्या उंचीत जेमतेम ०.०४ मिमीचा फरक पडतो. बोटांना तो कळणार नाही, आणि पुलावरचे (ब्रिजवरचे) सॅडल, म्हणजे तारांचे आधार, त्याप्रमाणे लावता येतात. पण सातव्या फ्रेटपाशी उभ्या दिशेत ०.१५ मिमीचा फुगवटा राहिला, तर त्याच्या मागचे स्वर पुढच्या फ्रेटांवर घासून खरखरतील. तो काढायला फ्रेट घासावे लागतील, आणि नवेकोरे फ्रेट पहिल्याच दिवशी ठेंगणे होतील.

सरळपट्टी खरोखर सरळ आहे का, ते घरीच तपासता येतं. सपाट कागदावर पट्टीच्या कडेने टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. पट्टी रेघेच्या दुसऱ्या बाजूला अशी उलटा की तीच कड त्याच रेघेला लागेल, आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर पट्टी चांगली. मधे पोकळी दिसली तर पट्टीतला दोष त्या पोकळीच्या निम्मा आहे.

प्रश्न : त्रिज्या किती ठेवावी? ७.२५, ९.५, १०, १२, १६ असे आकडे वाचून गोंधळ उडतो.

उत्तर : आकडा जितका लहान, तितका बोर्ड जास्त गोल. फेंडरच्या जुन्या गिटारांची त्रिज्या ७.२५ इंच (१८४ मिमी), नव्या बऱ्याच गिटारांची ९.५ इंच (२४१ मिमी), गिब्सनची साधारण १२ इंच (३०५ मिमी), मार्टिनच्या ॲकॉस्टिक गिटारांची १६ इंच (४०६ मिमी). क्लासिकल गिटारचा बोर्ड बहुधा सपाट असतो.

जास्त गोल बोर्डावर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे) सोपे जातात. पण तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटांवर मोठा बेंड घेतला, म्हणजे दाबलेली तार बाजूला बरीच ढकलली, तर स्वर मधेच गुदमरतो. कडेची तार मध्याकडे ढकलली की ती चढावर चढते. मध्यापासून २२ मिमीवर असलेल्या तारेला मध्यापर्यंत १८४ मिमी त्रिज्येवर १.३ मिमी चढ लागतो, ३०५ मिमीवर ०.८ मिमी.

पहिल्या बोर्डासाठी आमची शिफारस १२ इंच. या त्रिज्येला काढायचं लाकूड कमी, आणि चूक झाली तर सावरायला वाव जास्त. त्याआधी पूल कोणता बसवणार ते ठरवा. सॅडल एकेक करून वर-खाली होणारा पूल कोणत्याही त्रिज्येला चालतो. ट्यून-ओ-मॅटिक पद्धतीचा पूल १२ इंचांच्या गोलाईचा असतो, फ्लॉइड रोझ १० इंचांच्या आसपासचा. पुलाची गोलाई एक आणि बोर्डाची दुसरी झाली, तर मधल्या तारा किंवा कडेच्या तारा हव्या त्या उंचीवर येत नाहीत.

प्रश्न : ७५ मिमीचा छोटा लाकडी ब्लॉक, २०० मिमीचा आणि ४५० मिमीचा ॲल्युमिनियमचा असे तीन पर्याय दिसतात. छोट्यावर काम भागेल का? की ब्लॉक घरीच बनवावा?

उत्तर : छोटा ब्लॉक बोर्डावरचे उंचवटे आणि खळगे दोन्हींवरून फिरतो. घासताना गोलाई सुरेख दिसत जाते, आणि खालचा उभा चढउतार तसाच राहतो, कधी वाढतोही. लांब ब्लॉक उंचवट्यांवर टेकतो आणि खळग्यांवरून पूल बांधल्यासारखा जातो, म्हणून उंच भागच घासला जातो. ७५ मिमीचा ब्लॉक फ्रेट घातल्यावर त्यांना शेवटचा हात मारायला ठीक आहे. बोर्ड घडवायला २०० मिमी ही आमच्या मते खालची मर्यादा, आणि ४०० ते ४५० मिमी असेल तर काम निम्मं सोपं.

लाकडी ब्लॉक स्वस्त आणि हलका असतो, पण दमट हवेत फुगतो, वाकतो. दरवेळी वापरण्याआधी त्याचा तळ उभ्या दिशेत सरळपट्टीने तपासा. ॲल्युमिनियमचा ब्लॉक वर्षानुवर्षं तसाच राहतो. एकच महाग वस्तू घ्यायची असेल तर ती ही.

घरी बनवायचा असेल, तर १८ मिमी एमडीएफच्या चकत्या जोडण्याची पद्धत चांगली. राउटर एका पट्टीला बांधा, पट्टीचं दुसरं टोक खिळ्यावर फिरतं ठेवा, आणि एका चकतीत खोलगट कमान कापा. इथे एक चूक हमखास होते. त्रिज्या खिळ्यापासून बिटच्या (राउटरच्या फिरत्या पात्याच्या) मध्यापर्यंत मोजली जाते. ब्लॉकची कमान बिटच्या बाहेरच्या कडेने कापली जाते, म्हणून खिळ्यापासून बिटच्या दूरच्या कडेपर्यंतचं अंतर ३०५ मिमी हवं. १२ मिमीच्या बिटने मध्यापर्यंत मोजलं तर त्रिज्या ३११ मिमी होईल. हा पहिला तुकडा साचा. बेअरिंग असलेल्या बिटने त्यावरून बाकीचे तुकडे उतरवा. बावीस तुकड्यांचा सुमारे ४०० मिमीचा ब्लॉक होतो. तुकडे एकमेकांना चिकटवताना सपाट जाड काचेवर ठेवा आणि सगळ्यांतून दोन सळया आरपार घाला, नाहीतर एखादा तुकडा केसभर वर राहतो आणि बोर्डावर उभी रेघ पाडतो. शेवटी दोन हात लॅकर द्या, म्हणजे ओलावा शिरणार नाही.

याहून सोपा मार्गही आहे, आणि आम्हांला तो अधिक आवडतो. गोल ब्लॉक घेऊच नका. ४५० ते ६०० मिमी लांबीची, तपासून घेतलेली सरळ ॲल्युमिनियमची चौकोनी नळी घ्या आणि तिच्या सपाट तळाला सँडपेपर चिकटवा. गोलाई रंध्याने आणि गेजच्या मदतीने पैलू पाडून आणायची, आणि ही नळी उभ्या दिशेत चालवून पैलू एकमेकांत मिळवायचे. गोलाई थोडी हाताची राहते, सरळपणा मात्र कोणत्याही गोल ब्लॉकपेक्षा चांगला येतो.

प्रश्न : १२ इंची ब्लॉकवर ८० नंबरचा पेपर लावून शिसवीचा बोर्ड दीड तास घासला. गेज मध्यावर बरोबर बसतो, पण एक कड दुसरीपेक्षा पातळ झाली आहे आणि नटकडचं (तारांच्या खुंट्यांकडचं) टोक खाली गेलं आहे. कुठे चुकलं?

उत्तर : तीन वेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत.

एक कड पातळ होते, कारण ब्लॉक बोर्डाच्या तिरक्या कडेला धरून चालवला गेला. बोर्ड नटपाशी साधारण ४३ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ५६ मिमी रुंद, म्हणजे दोन्ही कडा मध्यरेषेशी कोन करतात. ब्लॉकने एका कडेची सोबत केली की गोलाईचा माथा मध्यरेषेवरून सरकतो. ब्लॉकला दोन्ही बाजूंनी पट्ट्यांची वाट करून द्या. पट्ट्या मध्यरेषेला समांतर असाव्यात आणि ब्लॉक त्यांच्यामध्ये अलगद सरकावा. बोर्ड अजून चौकोनी असेल तर हे काम फार सोपं होतं, म्हणून शक्य तर गोलाई आधी द्या आणि निमुळता आकार नंतर कापा. ६० मिमी रुंद चौकोनी बोर्डावर १२ इंचांसाठी कडेला सुमारे दीड मिमी लाकूड जाईल, ते धरून जाडी ठेवा. दर दहा हातांनंतर बोर्डाच्या दोन टोकांची अदलाबदल करून तो लावा, म्हणजे हाताच्या दाबाचा पक्षपात दोन्ही कडांत वाटला जातो.

टोक खाली जातं, कारण ब्लॉक टोकाबाहेर फार नेला गेला. ब्लॉकचा तिसऱ्या भागाहून जास्त हिस्सा बाहेर लोंबला की वजन टोकावर येतं आणि ब्लॉक झुकतो. दोन्ही टोकांना त्याच जाडीचे टाकाऊ लाकडाचे तुकडे लावा, म्हणजे ब्लॉक त्यांच्यावर चढेल आणि जी काही घसरण व्हायची ती त्या तुकड्यांवर होईल. शेवटच्या फ्रेटांकडे ०.१ मिमीचा उतार चालतो, काही कारागीर तो मुद्दाम ठेवतात. नटकडे तो अजिबात नको.

तिसरी चूक म्हणजे सगळं लाकूड सँडपेपरने काढणं. दीड तास एकसारखा दाब कोणीच ठेवू शकत नाही. लाकूड रंध्याने काढा आणि पेपरला शेवटचा दशांश मिलिमीटर ठेवा.

ते असं करा. कडेला किती काढायचं, हे रुंदीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागून मिळतं. ३०५ मिमी त्रिज्येला ४३ मिमी रुंद नटपाशी ०.७६ मिमी, ५६ मिमी रुंद टोकाला १.२९ मिमी. म्हणजे ६.५ मिमी जाड बोर्डाची कड नटपाशी ५.७४ आणि टोकाला ५.२१ मिमी उरली पाहिजे. पेपरसाठी थोडं राखून बोर्डाच्या कडेवर ५.८५ आणि ५.३५ मिमीवर खुणा करा आणि टोकदार पेन्सिलीने त्या रेषेने जोडा. आता वरच्या बाजूला, मध्यरेषा आणि कड यांच्या बरोबर मधोमध, दोन्हीकडे एकेक रेष मारा. त्या रेषेपासून कडेवरच्या खुणेपर्यंत रंध्याने एक सपाट पैलू पाडा. हा पैलू शेवटच्या गोलाईला फक्त कडेपाशी टेकतो, बाकी सगळीकडे तिच्या वर राहतो. म्हणून रंधा कडेवरच्या खुणेवर थांबला तर जास्त लाकूड जाऊच शकत नाही. आता पैलूच्या वरच्या टोकाला एक धार दिसेल, रुंद टोकापाशी सुमारे ०.३ मिमी उंच. ती धारही रंध्याने सपाट करा. उरलेल्या छोट्या धारा ०.१ मिमीहून कमी असतात.

इथून पुढे ब्लॉक. बोर्डभर पांढऱ्या पेन्सिलीने जाळी काढा. दहा उभे हात मारा आणि जाळी कुठे उरली ते पाहा. उरली तिथे खळगा आहे. खळगा भरून काढता येत नाही, बाकीचा बोर्ड त्याच्या पातळीला आणावा लागतो. म्हणून त्याच जागी ब्लॉक दाबून घासायचा मोह टाळा, खळगा आणखी खोल होईल. ८० नंबरने जाळी पूर्ण पुसली गेली की १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबरला जाळी पुन्हा काढा. वरचा नंबर आधीच्या नंबरचे चरे काढण्यापुरताच असतो, आकार सुधारायला नाही. चूक दिसली तर ८० वर परत या.

तुमचा सध्याचा बोर्ड वाचू शकतो. पातळ कडेची जाडी दोन टोकांना आणि मध्यावर कॅलिपरने मोजा. ती ४.५ मिमीच्या वर असेल आणि फ्रेटच्या खाचांना खोली उरत असेल, तर दुसरी कड आणि मध्य त्या पातळीला आणता येतील.

प्रश्न : गेज लावल्यावर उजेड मधून दिसतो की कडेने, याचा अर्थ कसा लावायचा?

उत्तर : मधून उजेड आला तर बोर्ड हवा त्यापेक्षा सपाट आहे, कडा अजून उतरवा. कडेने उजेड आला तर तो जास्त गोल झाला आहे, आता माथा उतरवा. गेज मध्यरेषेला काटकोनात आणि उभा धरा. मध्यरेषेशी तिरका धरला की बोर्ड आहे त्यापेक्षा सपाट भासतो.

प्रश्न : आबनुसावर रंधा चालवला की तुकडे उखडतात. पातं धारदार आहे.

उत्तर : धार पुरेशी नाही, कोनही बघावा लागतो. छोट्या कमी-कोनी रंध्याचं पातं साधारण १२ अंशांवर बसतं, त्याची धार २५ अंशांची असली तर लाकडाला ३७ अंशांचा कोन भेटतो. सरळ रेषांच्या लाकडाला तो छान, उलटसुलट रेषांच्या आबनुसाला नाही. तेच पातं ४० अंशांवर धार लावून घ्या, म्हणजे एकूण कोन ५२ अंश होईल. ढकलायला जड जाईल, पण उखडणार नाही. निघणारी ढलपी कागदाइतकी पातळ ठेवा आणि रंध्याच्या तोंडाची फट बारीक करा. एवढं करूनही रेषा फिरली की उखडत असेल, तर तेवढ्या भागात पत्र्याचा स्क्रेपर वापरा. स्क्रेपर छोट्या ब्लॉकसारखाच खळगे पाडतो, म्हणून त्यानंतर लांब ब्लॉक फिरवायला विसरू नका. उखडलेली जागा भरायला आबनुसाचीच बारीक पूड आणि पातळ सुपरग्लू.

प्रश्न : राउटरचा जिग करावा का? त्याने काम दहा मिनिटांत होतं म्हणतात.

उत्तर : एकाच मापाचे पाच-सहा बोर्ड करायचे असतील तर करा. एका बोर्डासाठी जिग बनवण्यातच दोन दिवस जातील.

करायचाच असेल तर अशी रचना ठेवा. बोर्डाच्या दोन्ही टोकांना उभ्या, वरून कमानदार पट्ट्या. त्यांवर तशाच खोलगट टोकांची गाडी, गाडीवर राउटर. कमानीची त्रिज्या बोर्डाच्या त्रिज्येएवढी नसते. बिट गाडीच्या टेकण्याच्या पातळीपासून २० मिमी खाली असेल, तर कमान ३०५ अधिक २० म्हणजे ३२५ मिमीची. हे २० मिमी न धरल्यामुळे बोर्ड ११.२ इंचांचे होतात आणि दोष मात्र गेजला दिला जातो. कमानदार पट्टी कापताना बिटची जवळची कड मोजा, गाडीचं खोलगट टोक कापताना दूरची. वर ब्लॉकसाठी सांगितलं तोच हा नियम, फक्त दोन्ही बाजूंनी.

एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खोल जाऊ नका. सपाट तळाच्या बिटने बारीक पैलू पडतात. ४ मिमी सरकत गेलात तर त्यांच्या धारा ०.०१ मिमीहूनही कमी, १२ मिमी सरकलात तर ०.०६ मिमी. कडेपाशी बिट लाकडातून बाहेर पडतं तिथे चिरफळ्या उडतात. म्हणून बोर्ड दोन-तीन मिमी रुंद ठेवा आणि निमुळता आकार नंतर कापा. जिगवरून उतरलेला बोर्डही लांब ब्लॉकवर घ्यावाच लागतो, कारण गाडीची जराशी ढिलाई उभ्या दिशेत लाटा उमटवते.

बेल्ट सँडरसमोर बोर्ड झोक्यासारखा हलवायचा जिगही असतो. त्यात फिरण्याच्या दांडीपासून पट्ट्यापर्यंतचं अंतर हीच त्रिज्या. काम झपाट्याने होतं आणि चूकही तितक्याच झपाट्याने. शिवाय पट्टा तापला की मेपलवर करपल्याचे डाग पडतात, ते खोलवर जातात. पहिल्या बोर्डासाठी नको.

प्रश्न : फ्रेटच्या खाचा आधी कापायच्या की गोलाई आधी? आणि शिंपल्याचे ठिपके (फ्रेट ओळखायच्या खुणा) कधी बसवायचे?

उत्तर : खाचा आधी. बोर्ड सपाट आणि चौकोनी असताना करवत गुण्यात राहते आणि अंतरं बरोबर येतात. पण सपाट बोर्डात २.५ मिमी खोल कापलेली खाच गोलाईनंतर रुंद टोकाच्या कडेला १.२ मिमीच उरते. फ्रेटवायरचा टँग, म्हणजे लाकडात जाणारा भाग, कॅलिपरने मोजा. बहुतेक वायरींचा तो दीड मिमीच्या आसपास असतो. १.२ मिमीच्या खाचेत तो बसणार नाही. फ्रेट कडेला वर उचलला राहील, आणि हातोडीने ठोकल्यावर बसला असं वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा उठेल. म्हणून गोलाई झाल्यावर ०.६ मिमी जाडीच्या, खोलीचा अडसर लावलेल्या करवतीने प्रत्येक खाच गोलाईच्या वळणाने पुन्हा खोल करा. टँगपेक्षा ०.३ ते ०.५ मिमी जास्त पुरे. त्याहून खोल खाचा नेकचा (गिटारच्या दांड्याचा) ताठपणा कमी करतात. घासताना खाचांत पूड घट्ट बसते, ती पातळ टोकाच्या पात्याने उकरून काढा. वायरला बोर्डापेक्षा थोडा जास्त बाक द्या, १२ इंचांच्या बोर्डाला साधारण १० इंचांचा, म्हणजे टोकं आधी टेकतील आणि नंतर उठणार नाहीत.

छोटे ठिपके गोलाईआधी बसवून सोबत घासले तरी चालतात. मध्यापासून १२ मिमीवरच्या ठिपक्यातून पाव मिमीच जातं. रुंद चौकोनी शिंपल्यांचं गणित वेगळं. ४० मिमी रुंद तुकड्याच्या कडेला ०.६६ मिमी घासलं जातं. तुकडा दीड मिमी जाड असेल तर कडेला ०.८४ मिमी उरतो आणि टिकतो, १ मिमीचा असेल तर आतला डिंक दिसू लागतो. पातळ तुकडे गोलाईनंतर, वळणाच्या तळाची खाच करून बसवा.

प्रश्न : बोर्ड नेकवर चिकटवण्याआधी गोलाई पूर्ण करायची का?

उत्तर : नव्वद टक्के आधी, उरलेली नंतर. पाण्याच्या डिंकाने बोर्डाचा खालचा थर फुगतो आणि नेक मागे वाकतो. ओलावा निघेपर्यंत दोन-तीन दिवस थांबा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलायची सळई) सैल किंवा घट्ट करून नेक सरळपट्टीखाली सपाट आणा, आणि मग शेवटचा ०.१ मिमी लांब ब्लॉकने काढा. गोल बोर्ड चिकटवताना वरून सपाट पट्टी दाबली तर दाब फक्त माथ्यावर येतो आणि कडेला डिंकाची रेघ दिसते. वरची पट्टी तशाच गोलाईची हवी, किंवा सपाट पट्टीखाली दोन्ही कडांना जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा.

प्रश्न : नटपाशी १२ आणि टोकाला १६ इंच, अशी बदलती त्रिज्या हाताने जमते का?

उत्तर : जमते, आणि सपाट नळीने ती एकसारख्या त्रिज्येपेक्षा अवघड नाही. एकसारखी गोलाई हा दंडगोलाचा तुकडा, बदलती गोलाई हा शंकूचा. शंकूत त्रिज्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. ४३ मिमीला ३०५ असेल तर ५६ मिमीला ३९७, म्हणजे जवळजवळ १६ इंच. म्हणूनच १२ ते १६ ही जोडी इतकी सहज बसते.

नटपाशी कडेची खोली ०.७६ आणि टोकाला ०.९७ मिमी धरून वर सांगितलेले पैलू पाडा. मग नट आणि टोक दोन्हींचे सहा-सहा सारखे भाग करून रेषांनी जोडा. या रेषा तारांसारख्या पसरत जातात. सपाट नळी एकेका रेषेवरून चालवा, प्रत्येकीवर सारखेच हात, म्हणजे दहा तर दहा. नटपाशी १२ चा गेज, टोकाला १६ चा. मधल्या भागात गेज शोधू नका, दोन्ही टोकं बरोबर आणि सगळ्या रेषा सरळ असल्या की मधलं आपोआप येतं. दंडगोलावर तारांच्या तिरक्या वाटेत मधे फुगवटा राहतो, म्हणून बदलती त्रिज्या हवीच, असं सांगितलं जातं. फुगवटा खरा आहे, पण १२ इंचांवर तो ०.०२ मिमीहून कमी भरतो. बदलत्या त्रिज्येचा खरा फायदा आहे तो वरच्या फ्रेटांवरच्या बेंडांना.

प्रश्न : जुन्या गिटारचा ७.२५ इंची बोर्ड १२ इंची करायचा आहे. फ्रेट तसेही बदलायचे आहेत.

उत्तर : कडा तशाच ठेवून माथा उतरवायचा, म्हणजे मध्यावर नटपाशी ०.५ आणि टोकाला ०.८५ मिमी लाकूड जाईल. जाड बोर्डाला हे झेपतं. पण १९६२ च्या मध्यापासून फेंडरने शिसवीचे बोर्ड सपाट तळाचे न ठेवता नेकच्याच वळणावर पातळ थरासारखे बसवायला सुरुवात केली. तशा बोर्डाच्या नेकला टोकाकडून पाहा. शिसवी आणि मेपल यांची सांधरेघ वळलेली दिसली तर हे काम करू नका, थर आरपार जाईल. सांधरेघ सरळ असेल तर मध्यावरची जाडी मोजा आणि ठिपक्यांची जाडीही गृहीत धरा.

७.२५ वरून ९.५ वर आणण्याने बेंडचा त्रास बराच कमी होतो आणि लाकूड बरंच कमी जातं. बहुतेक जुन्या गिटारांना आम्ही तेवढंच सुचवू. फ्रेट काढताना सोल्डरिंग लोखंडाने गरम करा, मगच पकडीने एका कडेपासून हळूहळू उचला. तारा काढून, रॉडने नेक सपाट करून मग घासा. नंतर नट नवा घालावा लागेल आणि सॅडल नव्या गोलाईला लावावे लागतील. मेपलचा लॅकर असलेला बोर्ड असेल तर लॅकर पूर्ण जाईल, तो पुन्हा मारायची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

प्रश्न : शिसवी घासताना पेपर लगेच भरतो, आणि हातावर पुरळ आलं.

उत्तर : शिसवी तेलकट असते. पेपर भरला की तो कापत नाही, फक्त तापतो. दर दहा-पंधरा हातांनी पेपर कच्च्या रबराच्या ठोकळ्याने पुसा किंवा व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि चकचकीत दिसू लागला की बदला. पेपर दुहेरी टेपने चिकटवताना सुरकुती किंवा बुडबुडा राहू देऊ नका, तो तेवढ्या जागी चर पाडतो.

पुरळ ही पुडीची ॲलर्जी आहे. शिसवी आणि आबनूस दोन्हींनी ती होते, आणि एकदा सुरू झाली की पुढच्या वेळी थोड्या पुडीनेही उठते. बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, पूर्ण बाह्या, आणि काम संपताच साबणाने हात-मान धुणं. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. पूड झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने उचला. पुरळ पसरत असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा, आणि पुढचा बोर्ड मेपलचा करा.